शस्त्रक्रिया मोफत, पण मजुरीचे काय?

(सोलापूर येथील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर उभा राहणारा कामगार दम लागतो म्हणून डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्याला बहुधा तीन उत्तरांपैकी एक मिळते. सुताची धूळ छातीत गेली. तंबाखू-विडीने फुप्फुस खराब झाले. आणि थुंकीतून रक्त पडत असेल तर क्षय. ही तिन्ही उत्तरे खोटी नव्हेत. कापसाच्या धुळीने छाती आवळून येणे हा कापड उद्योगाचा जुना रोग आहे, आणि सुट्टीनंतर कामावर परतलेल्या पहिल्याच दिवशी तो अधिक जाणवतो, ही त्याची खूण वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु याच लक्षणांमागे एक चौथे कारण दडलेले असू शकते. ते हृदयाच्या झडपेत असते, आणि त्याचा शोध लागेपर्यंत कामगाराच्या उमेदीची कित्येक वर्षे निघून गेलेली असतात.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये जी झडप असते, तिला मायट्रल झडप म्हणतात. लहानपणी, साधारणतः पाच ते पंधरा या वयात, स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूने घसा धरतो. घसा आठवड्यात बरा होतो, पण काही मुलांच्या बाबतीत त्या जंतूविरुद्ध उठलेली शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांधे सुजतात, ताप येतो, तोही ओसरतो. सांध्यांवर काही राहत नाही. झडपेवर मात्र व्रण राहतो. पुन्हापुन्हा घसा धरला की व्रण वाढतो, झडपेची पाती एकमेकांना चिकटतात, वाट अरुंद होते. हा ऱ्हुमॅटिक ताप. दहाव्या वर्षी आलेल्या तापाचे बिल तिसाव्या वर्षी मागावर उभे असताना हाती पडते.

हा रोग कोणाला होतो? दाटीने राहणाऱ्यांना. एका खोलीत आठ माणसे झोपतात तेथे एका मुलाचा घसा सर्वांचा होतो. पश्चिम युरोपात आणि अमेरिकेत हा रोग ओसरू लागला तो पेनिसिलिन बाजारात येण्याच्या आधीपासून. घरे मोठी झाली, राहणीमान सुधारले, तसतसा तो मागे हटला. औषधाने ही गती वाढवली, पण आरंभ घराने केला. या दृष्टीने सोलापुरात घरकुलांचे जे काम झाले, त्याकडे आरोग्याचे काम म्हणूनही पाहिले पाहिजे. कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांसाठी उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत, दहा हजार घरांची, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते सुपूर्द झाली. त्यापुढची रे नगरची तीस हजार घरांची योजना. तिच्यातील पंधरा हजार घरांचा ताबा १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी दिला. दोन परस्परविरोधी पक्षांच्या पंतप्रधानांना एकाच वसाहतीच्या दारी यावे लागले, याचे श्रेय नरसय्या आडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चिकाटीला आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी समाजवाद्यांचे मतभेद काही थोडेथोडके नाहीत. पण पत्र्याच्या खोलीतून निघालेल्या मुलाच्या हृदयाला त्या मतभेदांशी कर्तव्य नाही.

आता झडप अरुंद झालेला माणूस श्रम करतो तेव्हा काय घडते, ते थोडे नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचा सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे. हृदय आकुंचन पावते आणि सैल पडते. सैल पडते त्या क्षणी वरच्या कप्प्यातील रक्त झडपेतून खालच्या कप्प्यात उतरते. नाडी संथ असली तर उतरायला वेळ मिळतो, आणि वाट अरुंद असली तरी काम भागते. परंतु श्रमाने नाडी जलद झाली की प्रत्येक ठोक्यामागचा हा विसावा आखूड होतो. रक्त उतरत नाही, मागे तुंबते, तुंबारा फुप्फुसापर्यंत जातो, आणि माणसाला धाप लागते. म्हणजे हा असा रोग आहे की ज्यात बसलेला माणूस धडधाकट दिसतो आणि कष्ट करणारा बुडत्यासारखा श्वास घेतो. कारकुनाला जो रोग पन्नाशीत जाणवेल, तो हमालाला तिशीत जाणवतो. पाळीभर उभे राहून एकाच वेळी अनेक मागांवर नजर ठेवणे, तुटलेला धागा जोडायला वाकणे, धोट्यातली कांडी बदलणे, चारचौघांनी मिळून बीम उचलून मागावर चढवणे, आणि हे सारे सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडखाली! बाजार समितीतील कांद्याची पोती पाठीवर घेणाऱ्याची गोष्ट तर बोलायलाच नको.

पुढे इको तपासणी होते, निदान होते आणि डॉक्टर सांगतात की झडप फुग्याने रुंद करता येईल, किंवा ती बदलावी लागेल. येथून तयारी सुरू होते. वैद्यकीय तयारीची यादी तशी सरळ आहे. दात तपासून घ्यायचे आणि किडलेले काढून टाकायचे, कारण तोंडातील जंतू रक्तात शिरून नव्या झडपेवर घर करतात आणि तो संसर्ग प्राणघातक असतो. तंबाखू, मशेरी, विडी बंद. रक्त कमी असेल तर ते भरून काढायचे. फुप्फुसांसाठी श्वासाचे व्यायाम. वय चाळिशीच्या पुढे असेल तर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचीही तपासणी. रक्तदाते तयार ठेवायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे: विश्रांती, जड काम बंद.

कामगाराच्या घरात या यादीतील शेवटची सूचना नेमकी उलट्या अर्थाने अमलात येते. शस्त्रक्रियेनंतर छातीचे कापलेले हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि जड कामावर परतायला सर्वसाधारणपणे तीन महिने. या काळात घरात पैसा येणार नाही हे कळताच तो कामगार काय करतो? जोडपाळी करतो. येणाऱ्या रिकाम्या महिन्यांची बेगमी म्हणून, ज्या आठवड्यांत त्याने बसून राहायला हवे त्याच आठवड्यांत तो सर्वाधिक राबतो. शिवाय तो दम लपवतो. मालकाला कळले तर माग दुसऱ्याच्या हाती जाईल, बदली कामगार कायमचा होऊन बसेल, ही धास्ती असते. यंत्रमागावरची मजुरी विणलेल्या मालावर ठरते, हजेरीवर नव्हे. उभा नाही त्याला शून्य. डॉक्टर त्याला अडाणी, बेफिकीर म्हणतात. तो बेफिकीर नाही. त्याच्यापुढे जे दोन आकडे आहेत, त्यांची बेरीज तो चोख करतो.

ती बेरीज आपणही करून पाहू. केवळ हिशोबासाठी रोजची मजुरी पाचशे रुपये धरू आणि महिन्याचे कामाचे दिवस सव्वीस. महिन्याला तेरा हजार. आधीचा एक महिना विश्रांती आणि नंतरचे तीन महिने, म्हणजे बावन्न हजार रुपये बुडाले. त्यात सोबतीला राहणाऱ्या पत्नीची किंवा भावाची बुडालेली मजुरी, पुण्या-मुंबईला जावे लागले तर जाण्या-येण्याचे भाडे आणि बाहेरचे खाणे. कामगाराने शस्त्रक्रियेचा खर्च म्हणून एक पैसाही भरला नाही असे मानले, तरी हे बावन्न हजार त्याच्या खिशातूनच जातात. आणि खिशात नसतात म्हणून मालकाच्या उचलीतून किंवा सावकाराकडून येतात. उचल घेतली की तीन महिन्यांनी मागावर परतायचे की सहा, हे हृदय ठरवत नाही.

शस्त्रक्रिया मोफत होते, ही गोष्ट मात्र खरी आहे आणि ती मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्या पहिल्या आठांत सोलापूर होते. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि जुलै २०२४ पासून वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर जाऊन ती सर्व कुटुंबांना खुली झाली. शिधापत्रिका, आधार, आरोग्यमित्राकडे नोंद, पूर्वमंजुरी, या पायऱ्या चढल्या की झडपेसकट खर्च योजना उचलते. आपल्यातील काही मंडळी या योजनेची निवडणुकीचे गाजर म्हणून हेटाळणी करतात. ते योग्य नाही. आज जिवंत असलेली कितीतरी माणसे या योजनेमुळे जिवंत आहेत.

मग उणीव कोठे आहे? योजनेच्या रचनेत. तिच्या दृष्टीने आजारपण म्हणजे रुग्णालयाचे बिल. पैसा शासनाकडून रुग्णालयाकडे जातो. मधला माणूस हा फक्त एक देह असतो, ज्यावर पॅकेज लागू होते. देहाबरोबर जी मजुरी थांबते, ती या हिशोबवहीत कोठेच दिसत नाही.

गंमत अशी की आजार विम्याचा आधुनिक इतिहास सुरू होतो तोच मजुरीपासून. १८८३ साली जर्मनीत बिस्मार्कने आजार विम्याचा कायदा केला. समाजवाद्यांवर बंदी घालणारा हा गृहस्थ. त्यांच्या पायाखालची वाळू सरकावी हाच त्याचा हेतू होता. पण त्या कायद्याने कामगाराला औषधोपचाराबरोबर अर्ध्या मजुरीइतकी रोख रक्कम तेरा आठवडे दिली, आणि आरंभीच्या काळात त्या विमा निधींचा डॉक्टरांपेक्षा अधिक पैसा या रोख मदतीवर खर्च होई. आजारपणाने गरिबी येते ती मुख्यतः मजुरी थांबल्याने, हे त्या समाजवादद्वेष्ट्याला कळले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या कराराने वैद्यकीय मदत आणि आजारपणातील रोख लाभ या दोन स्वतंत्र शाखा मानल्या. भारताने त्या करारावर अद्याप शिक्कामोर्तब केलेले नाही.

आपल्याकडेही हा विचार अनोळखी नव्हता. प्रा. बी. पी. अडारकर यांनी १९४४ साली औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचा जो अहवाल दिला, त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. त्या व्यवस्थेत आजारी कामगाराला मजुरीच्या सत्तर टक्के रक्कम वर्षातून एक्क्याण्णव दिवसांपर्यंत मिळते. एक्क्याण्णव दिवस म्हणजे बरोबर तेरा आठवडे. आणि झडप बदललेल्या माणसाला जड कामावर परतायला लागणारा काळही जवळजवळ तेवढाच. वरच्या हिशोबातील पाचशे रुपयेवाल्याला या तरतुदीने सुमारे बत्तीस हजार रुपये मिळतील. दीर्घ मुदतीच्या आजारांसाठी ऐंशी टक्के दराने वाढीव लाभाची सोय आहे, आणि त्या आजारांच्या यादीत गुंतागुंत झालेले झडपांचे विकार येतात. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या कामगाराला मालकाने कामावरून काढू नये, असे त्या कायद्याचे त्र्याहत्तरावे कलम सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि १९४८ चा कायदा तिच्यात विलीन झाला.

म्हणजे तरतूद आहे. ती सोलापूरच्या मागापर्यंत पोहोचत नाही, एवढेच. दहा किंवा अधिक माणसे असतील तरच आस्थापना या कक्षेत येते. आणि एकाच शेडमधील माग वेगवेगळ्या नावांवर दाखवण्याची युक्ती यंत्रमाग धंद्यात नवी नाही. हजेरीपट नाही, म्हणून कामगार नाही. कामगार नाही, म्हणून विमा नाही. भविष्यनिर्वाह निधीवरून या शहरात जो वाद वर्षानुवर्षे चालला, त्याचे मूळही येथेच आहे. लक्ष्मी-विष्णू गिरणीच्या काळातील कामगाराजवळ हजेरीचे तिकीट होते. गिरण्या गेल्या, माग राहिले, तिकीट गेले. सोलापुरी चादरीला २००५ साली भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षण मिळाले. चादर विणणाऱ्याची ओळख मात्र अद्याप कागदावर यायची आहे.

विडी वळणाऱ्या स्त्रियांची कथा याहून विपरीत. त्यांच्याजवळ कागद होता आणि तो काढून घेतला गेला. १९६६ च्या कायद्याने घरी बसून विड्या वळणारीलाही कामगार मानले. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधी झाला. विड्यांवरील उपकरातून त्यात पैसा येई आणि त्या निधीतून हृदयविकाराच्या उपचाराचा खर्च एक लाख तीस हजार रुपयांपर्यंत परत मिळे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि त्या एका फटक्यात हा उपकर रद्द झाला. निधीला स्वतःचा असा झरा उरला नाही. जे काही मिळायचे ते सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर. करसुधारणेच्या उत्सवात यावर फारशी चर्चा झाली नाही.

या स्त्रियांच्या बाबतीत झडपेचा विकार अनेकदा गरोदरपणात प्रथम उघडकीस येतो, कारण त्या काळात शरीरातील रक्ताचे आकारमान जवळजवळ निम्म्याने वाढते आणि अरुंद झडपेला ते पेलवत नाही. झडप बदलायची तर कोणती, हा प्रश्न तिच्यापुढे फार कठीण स्वरूपात येतो. धातूची झडप टिकाऊ, पण जन्मभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते, आणि ती गोळी गर्भाला अपायकारक ठरू शकते. प्राण्याच्या ऊतीची झडप घेतली तर गोळीची सक्ती बहुधा काही महिन्यांची, पण दहा-पंधरा वर्षांत, तरुण वयात त्याहूनही लवकर, पुन्हा छाती उघडण्याची वेळ येते. असा निर्णय सासरच्या माणसांनी बाहेरच्या बाहेर घेऊन चालणार नाही. तिला बसवून, तिच्या भाषेत, मग ती तेलुगू असो की कन्नड, समजावून सांगावे लागेल. आणि विडी वळणे हे बसून करायचे काम, म्हणून ‘हलके’, असे म्हणणाऱ्याने एकदा सूप मांडीवर घेऊन हजार विड्या वळून पाहाव्यात. छातीचे हाड सांधत असताना तासन्‌तास पुढे वाकून बसणे याला हलके काम म्हणत नाहीत.

धातूच्या झडपेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. परदेशी झडप गरिबाच्या आवाक्याबाहेर होती त्या काळात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वल्यथन यांच्या नेतृत्वाखाली देशी झडप बनवण्याचे काम चालले. तीन आराखडे बाद ठरले. चौथा उतरला, आणि डिसेंबर १९९० मध्ये ती झडप प्रथम रुग्णाच्या हृदयात बसवली गेली. सार्वजनिक पैशावर चाललेल्या संशोधनाचे हे फळ आहे. याच्या शेजारी पिंपरीच्या हिंदुस्थान ॲन्टिबायॉटिक्सची गोष्ट ठेवावी. १९५४ साली स्थापन झालेला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा सरकारी कारखाना पेनिसिलिनसाठी होता. नव्वदीच्या दशकात तो आजारी उद्योगांच्या यादीत गेला, आणि देश पेनिसिलिनसाठी दीर्घकाळ आयातीवर अवलंबून राहिला. झडप बनवणारी संस्था आपण जगवली. झडप बिघडूच नये म्हणून लागणारे औषध बनवणारा कारखाना मात्र आजारी पडू दिला. ज्या इंजेक्शनाला नफा नाही, ते बाजार बनवीत नाही, हे सांगायला अर्थशास्त्राच्या पदवीची आवश्यकता नाही.

मार्ग महाराष्ट्रातच सापडतो. १९६९ च्या माथाडी कायद्याने एका मालकाशी बांधलेले नसलेल्या हमालालाही नोंदणी दिली, मजुरीवर लेव्ही बसवली आणि त्रिपक्षीय मंडळामार्फत त्याच्या भविष्यनिर्वाह निधीची, रजेची, उपचारांची सोय केली. अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत आणि बाबा आढाव यांनी पुण्याच्या हमाल पंचायतीतून हे सिद्ध करून दाखवले की मालक अनेक असले म्हणून कामगार निराधार असण्याचे कारण नाही. हाच साचा यंत्रमागाला लावता येतो: सुताच्या पेटीवर किंवा तयार मालाच्या नगावर लेव्ही, मंडळाकडे नोंद, आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर तेरा आठवड्यांची किमान सत्तर टक्के मजुरी. धंदा मंदीत आहे, हे मालक सांगतील. तो मंदीत आहेच. पण लेव्ही मालावर असल्याने मंदीत तीही घटते. आणि तिचा भार एका मालकावर न पडता साऱ्या धंद्यावर पसरतो, जे लहान मालकाच्याही हिताचे आहे. त्याच्या शेडमध्ये कोणी कोसळला तर आज उचल त्यालाच द्यावी लागते.

मंडळ होईपर्यंत शाखांनी काय करायचे, हा प्रश्न उरतो. सोलापूरला सहकारी रुग्णालयांची परंपरा आहे. अश्विनी आणि मार्कंडेय ही नावे येथे कोणाला सांगावी लागत नाहीत. ज्या शहरात माणसे वर्गणी काढून रुग्णालय उभारतात, तेथे मजुरीनिधी अशक्य नाही. प्रत्येक शाखेने रक्तगटांची वही ठेवावी, म्हणजे ऐनवेळी दाते शोधत फिरावे लागणार नाही. शस्त्रक्रियेला जाणाऱ्याच्या मागावर बदली कोण उभा राहील, तो तीन महिन्यांनी बाजूला होईल ना, हे मालकाशी आधीच बोलून, शक्य तर लिहून घ्यावे. परतल्यावर रक्त किती पातळ आहे ते पाहणारी आयएनआर तपासणी नेमाने करावी लागते. दर वेळी अर्धी पाळी बुडते, म्हणून अनेकजण ती टाळतात आणि झडपेवर गुठळी धरते. छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात ही तपासणी आणि तिचा अहवाल पाळी सुटल्यानंतरच्या वेळेत मिळावा, अशी मागणी करायला निधी लागत नाही.

आणि मुलांसाठी इंजेक्शन. ज्याला एकदा ऱ्हुमॅटिक ताप येऊन झडपेला इजा झाली आहे, त्याला बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी घ्यावे लागते; सामान्यतः शेवटच्या तापानंतर दहा वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत, यांतील जे नंतर येईल तोवर. ते स्वस्त आहे, दुखते, आणि काही वर्षांपूर्वी जगभर त्याचा तुटवडा पडला होता. कुंभारीच्या वसाहतींत आणि पूर्व भागात अशी मुले कोण आहेत याची यादी करून, जवळच्या सरकारी दवाखान्यात ते इंजेक्शन शिल्लक आहे की नाही, हे शाखेच्या एका कार्यकर्त्याने दर एकवीस दिवसांनी जाऊन पाहावे. नसेल तर त्याच दिवशी जिल्हा शल्यचिकित्सकांना लेखी कळवावे, आणि पोच घ्यावी.